रोलरवरचं भांडण

३ मार्च, सोमवार

आज साहेबांनी आम्हा विभागप्रमुखांना ऐकायला शिकवलं. सकाळभर ते एकटेच बोलत होते.

कुठल्याशा हॉटेलात प्रशिक्षण घेऊन आलेत. फळ्यावर त्यांनी एक मोठा कान काढला. तो कानापेक्षा काजूसारखाच जास्त दिसत होता. म्हणाले, "आधी ऐका, मग बोला. माणसाच्या मनापर्यंत पोचायची हीच वाट." मी लाँड्रीच्या गाड्यांच्या कचेरीत इतकी वर्षं काढली, सकाळची गाडी तासभर आधी सोडा म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली. तेव्हा हा काजू कुठे होता?

वर सगळ्यांदेखत मला म्हणतात, "तुमची एक सवय सांगू का, तुम्ही समोरच्याला मध्येच..." मी तिथेच थांबवलं त्यांना. म्हटलं, असं अजिबात नाही. काही गोष्टींवर वेळीच बोललेलं बरं.

पण एक ठरवलंय. मागच्या महिन्यात इस्त्री विभाग माझ्याकडे आला आहे. माझं कुणी ऐकलं नाही म्हणून मी माझ्या बायकांचं ऐकणार. अगदी मनापासून. केबिनचं दार आजपासून उघडं. "मॅडम नाही, ताई म्हणा," असंही सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्या मला ताईमॅडम म्हणायला लागल्या होत्या.

६ मार्च, गुरुवार

दार उघडं ठेवून चार दिवस झाले. आत फक्त वाफ येते.

आणि आज जे ऐकलं त्याने डोकं अजून ठणकतंय. हॉस्पिटलांच्या चादरी धुऊन, पिळून आमच्याकडे येतात. मधोमध तापलेला रोलर. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची, रोलरच्या तोंडाशी न्यायची आणि एकाच क्षणी सोडायची. एकीने आधी सोडली तर चादर तिरकी जाते, उशिरा सोडली तर बोटं भाजतात. पलीकडे घडीवाली उभी असते. ती गरम चादर झेलते आणि घडी घालते.

रोलरवर जी जोडी आहे तिला सगळे सासू-सून म्हणतात. नात्यातल्या नाहीत. एक पन्नाशी ओलांडलेली, एक तिशीतली, आणि दिवसभर भांडतात म्हणून ही नावं. मी आपली हसून सोडून देत होते. आज जवळ जाऊन उभी राहिले.

"अगं माझ्याकडे ओढ, माझ्याकडे! डोळे काय घरी विसरलीस?" सून.

"तुझ्या तोंडाला आधी कुलूप घाल."

"अजून वर! अजून! हां. आता सोड. सोड म्हटलं ना थेरडे! रोलरशी लग्न लावायचंय का?"

"लाव. तुझ्या नवऱ्यापेक्षा गरम तरी आहे."

पलीकडे घडीवाली पोट धरून हसत होती. मला नाही हसू आलं. थेरडे! आईच्या वयाच्या बाईला! मी घडीवालीला विचारलं, हे रोजचं का? तर म्हणते, "रोजचंच. या दोघी गप्प बसल्या की आमच्याच पोटात गोळा येतो, ताईमॅडम."

माणसांना कशाचीही सवय होते. अपमानाचीसुद्धा.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांच्या हुकुमावरून आज पहिला 'मन मोकळं' अर्धा तास. जेवणानंतर सगळ्या गोल बसल्या. मी चहा सांगितला होता. म्हटलं, बोला, काहीही बोला.

सगळ्यांचं लक्ष आपापल्या कपात. मग घडीवाली म्हणाली, "आमच्यात एक होती. गुडघे दुखतात म्हणून तिने मोकळेपणाने सांगितलं. साहेब म्हणाले, विश्रांती घ्या. ती विश्रांती अजून चालूच आहे."

खो खो हसल्या सगळ्या. मीही हसले आणि लगेच म्हटलं, गुडघ्यांचा त्रास असेल तर उंच स्टुलं मागवते. सोमवारी येतील. विषय मिटला. असं हवं काम.

मग सासूने हळूच विचारलं, "इथे बोललेलं वर जातं का हो?"

"जातं म्हणजे काय, जायलाच हवं!" मी म्हटलं. "तुमचा शब्द न् शब्द मी वर पोचवणार. त्यासाठीच तर बसलोय."

त्यानंतर एकीनेही तोंड उघडलं नाही. चहा मात्र संपला. एखादीला हाताला धरून दारापर्यंत न्यावं आणि तिने उंबऱ्यावर बसकण मारावी, तसं झालं. संताप संताप झाला माझा.

८ मार्च, शनिवार

लेक स्वयंपाकघरात येऊन ओट्यापाशी घुटमळत होती. म्हणाली, वर्गातली तिची मैत्रीण आता दुसऱ्याच मुलींबरोबर बसते. मी लगेच तिला तीन उपाय सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि खोलीत गेली.

घरात तरी माझं बोलणं पटतं कुणाला.

१० मार्च, सोमवार

सासूला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. आज ठरवूनच बसले होते की मऊ बोलायचं.

ती आली, खुर्चीची पाठ चाचपली आणि मग बसली. चहाचा कप टेबलाच्या अगदी काठावर ठेवला. मी धरला नसता तर पडलाच असता. किती बावरलीय बिचारी! एवढी धास्ती घेतलीय त्या पोरीची.

"मावशी," मी म्हटलं, "ती तुम्हाला त्रास देते का?"

"कोण? सून?" हसली ती. "तिचं तोंडच तसं आहे. राहू द्या."

"राहू द्या कसं? रोज शिव्या ऐकायच्या?"

"ऐकल्याशिवाय भागतं का ताईमॅडम. तेवढी आमची जोडी मोडू नका. मी..."

"घाबरू नका," मी म्हटलं. "तुमचं नाव कुठेही येणार नाही." आणि तेवढ्यात गाड्यांच्या कचेरीतून फोन आला. तो संपेपर्यंत ती दाराच्या चौकटीला हात लावत लावत गेलीसुद्धा.

जो छळतो त्यालाच सोडवेना, असं होतं माणसाचं. मी पाहिलंय हे. माझ्या मावशीचं असंच झालं होतं.

१२ मार्च, बुधवार

सुनेला बोलावलं. मऊ बोलायचा प्रश्नच नव्हता.

मी म्हटलं, म्हाताऱ्या बाईशी असं बोलताना लाज कशी वाटत नाही? ती कमरेवर हात ठेवून उभी. म्हणते, "तिला चालतं."

"तिला चालत नाही. मी विचारलंय तिला."

"ती म्हणाली असं?"

"तिने म्हणायची गरज नाही. मला दिसतं."

"तुम्हाला दिसतं," ती म्हणाली. मग म्हणते कशी, "मी तोंड बंद ठेवलं तर काय होईल ते बघायचंय का तुम्हाला?"

धमकी! माझ्या केबिनमध्ये, माझ्या टेबलासमोर उभी राहून मला धमकी! रागाने माझे कान तापले. दहा मिनिटांत निर्णय घेतला. सोमवारपासून सून पॅकिंगला. आणि सासूच्या जोडीला गोगलगाय. गोगलगाय म्हणजे आमच्या विभागातली सगळ्यात गरीब मुलगी. नाकासमोर बघणारी, कुणाला 'अरे'ला 'का रे' न करणारी. दिवसात चार शब्द बोलत असेल. मावशींच्या जिवाला तेवढीच शांतता.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "याला म्हणतात सहानुभूतीने नेतृत्व." त्यांच्या तोंडून कौतुक ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचाच राग आला.

१७ मार्च, सोमवार

किती शांत होता आज विभाग! फक्त रोलरची घरघर.

घडीवाली हसत नव्हती. काही चादरी तिरक्या आल्या, पण नवीन जोडीला वेळ लागणारच. दुपारी सून पॅकिंगच्या टेबलावरून ओरडली, "अगं, पदर खोच ना! पदर!" रोलरपाशी तिचा आवाज पोचतही नव्हता. मी जाऊन तिला समज दिली. आणखी एकदा ओरडलीस तर घरी पाठवीन. ती मुकाट्याने पिशव्या भरायला लागली. दिसतं ना, धाकात ठेवलं की येतं वळणावर.

१९ मार्च, बुधवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

सासूचा उजवा हात रोलरला लागला. गोगलगाईने चादर सोडली, हिला कळलंच नाही. ती टोक धरून तशीच पुढे गेली. चार बोटं आणि तळवा. लोखंडी पट्टीने हात अडला म्हणून आत गेला नाही. गोगलगाय तोंडावर हात घेऊन जागच्या जागी उभी. मी केबिनच्या दारात. सून पॅकिंगच्या टेबलावरून उडी मारून आली, लाल बटण दाबलं, हिला कवेत घेतलं आणि थंड पाण्याच्या नळाखाली नेलं. मला ओलांडून गेली ती. मी वाटेत उभी होते.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली. सही करायला पेन पुढे केलं तर मावशींचा डावा हात पेनाच्या बाजूने हवेतच फिरला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत उजेड मारून बघितलं आणि माझ्याकडे वळल्या. "उजव्या डोळ्याने जवळजवळ काही दिसत नाही यांना. डाव्यातला मोतीबिंदू पिकलाय. तापलेल्या मशीनवर कुणी उभं केलं?"

मी. मी उभं केलं. मला काय माहीत!

घडीवालीला माहीत होतं. पॅकिंगवाल्यांना माहीत होतं. गोगलगाईलासुद्धा माहीत होतं, फक्त तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. सगळ्या विभागाला माहीत होतं. माझं दार सताड उघडं होतं आणि एकीलाही आत यावंसं वाटलं नाही. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

२० मार्च, गुरुवार

रोलर बंद करवला आणि सगळ्यांना उभं केलं. वाट्टेल ते बोलले. मी चहा पाजते, स्टुलं मागवते, रोज विचारते, आणि तुम्ही एवढी मोठी गोष्ट लपवता? हाच का माझ्यावरचा विश्वास?

घडीवाली म्हणाली, "सांगितली होती की गुडघेवालीची गोष्ट. तुम्ही स्टुलं आणलीत."

सून पुढे आली. डोळे सुजलेले. "तिच्या ऑपरेशनचा नंबर लागायचा होता. तेवढे दिवस निभावत होतो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वर पोचवलं असतं. शब्द न् शब्द. तुम्हीच म्हणालात."

"तिच्या भल्यासाठीच..."

"मी ओरडायचे तेव्हा तिला कळायचं मी कुठे आहे. चादर कुठे आहे, हात कुठवर गेलाय, कधी सोडायची. नुसतं 'डावीकडे, उजवीकडे' ओरडले असते तर पहिल्याच दिवशी तुम्हाला संशय आला असता. म्हणून शिव्या. आणि तिला त्या आवडायच्या. उलट चार देता यायच्या." तिने पदराने नाक पुसलं. "तिच्याबरोबर तुम्ही तोंड नसलेली दिलीत. छान दिलीत."

मी म्हटलं, कामाला लागा. दुसरं काय म्हणणार होते?

त्यांच्यावरचा राग मात्र अजून तसाच आहे. कदाचित जास्तच. फक्त तो नीट टेकत नाही कुठे.

२१ मार्च, शुक्रवार

साहेबांनी मान एका बाजूला कलती करून मला समोर बसवलं. हल्ली ते मान कलती करतात.

"तुमची घालमेल मला समजतेय," म्हणाले. "सोमवारी मुख्य कचेरीच्या बाई चौकशीला येतील. तुम्ही एवढंच सांगायचं, की कामगाराने आजार लपवला."

"मग तिचं काय होईल?"

"आजार लपवून मशीनवर उभं राहणं म्हणजे शिस्तभंग. नोकरी जाईल. हाताचा, डोळ्यांचा खर्च तिचा तिने बघायचा. वाईट वाटतं, पण आपल्या हातात काय आहे?"

"आणि जोडी मी बदलली ते?"

"ते कुणी विचारणार नाही. तुम्ही कशाला काढता? लपवलं हे खोटं आहे का?"

खोटं नाही. हेच तर! एक अक्षरही खोटं नाही. ते खरं वाक्य माझ्या हातून तिच्या गळ्यात बांधायचं होतं त्यांना. टेबलावरचा पेपरवेट उचलून फळ्यावरच्या काजूवर फेकावा असं वाटलं. अजून पुसलेला नाही तो त्यांनी.

२२ मार्च, शनिवार

सासूच्या घरी गेले. जिन्याखालची खोली. मुलगा आणि त्याची बायको दोघं घरात होती. तिच्याशी हळू, अगदी सावकाश बोलत होती. "आई, ब-सा. आई, पा-णी." एखाद्या लहान मुलाशी बोलावं तसं. मला बरं वाटलं, निदान घरी तरी माया आहे.

मी नेलेली फळं तिच्या पुढ्यात ठेवली आणि सुरू झाले. काळजी करू नका, मी बसून करायचं काम बघते, डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलते, चौकशीचं मी सांभाळते, हाताला हळद... नाही, हळद नको, मलम आणते, साहेबांना मी...

"झालं का?" ती म्हणाली.

"अं?"

"गप्प बसता का जरा?"

मी गप्प बसले. तीही गप्प. खूप वेळ. मला तीनदा बोलावंसं वाटलं आणि मी जीभ दाताखाली धरली. मुलगा आणि त्याची बायको पाणी भरायला बाहेर गेली तेव्हा ती बोलली.

"हात भाजला त्याचं काही नाही. भाजतो. पण तुम्ही मला बिचारी करून टाकलंत. सगळ्यांच्या देखत. मावशी, घाबरू नका म्हणे! मी कधी घाबरले होते? तिने एक दिली तर मी दोन द्यायचे. घरात बघितलंत ना कसं बोलतात? मी मेल्यासारखं. डोळे गेले तसे सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. ती एकटी ओरडत होती. ती एकटीच मला धडधाकट समजत होती." भाजलेला हात तिने मांडीवर नीट ठेवला. "माझं भांडण काढून घेतलंत तुम्ही. विचारलंतसुद्धा नाही."

मी विचारलं होतं, असं म्हणणार होते. पण म्हटलं नाही.

"आता जा," ती म्हणाली. "फळं घेऊन जा. आजारी माणसाला देतात ती."

पिशवी घेऊन रस्त्यावर आले. रागाने रडू येत होतं. एवढं सगळं मी चांगल्यासाठी केलं, आणि फळंसुद्धा परत!

२४ मार्च, सोमवार

मुख्य कचेरीच्या बाई पांढऱ्या केसांच्या, तुटक बोलणाऱ्या. साहेब बाजूला बसलेले. पहिलाच प्रश्न, "कामगाराने आजाराची कल्पना दिली होती का?"

"नाही," मी म्हटलं. साहेबांनी मान हलवली. "पण जोडी मोडू नका असं ती म्हणाली होती. पुढे काहीतरी सांगत होती. मी मध्येच बोलले आणि मग फोन घेतला."

"त्यांना असं म्हणायचंय की..." साहेब म्हणाले.

"मला जे म्हणायचंय ते मी म्हणतेय. जोडी शाबूत होती तोवर एक चादरही वाकडी गेली नाही. मोडली मी. दुसरीने मला बजावलं होतं, मला ती धमकी वाटली. तिला पॅकिंगवरून ओरडायलाही मी बंदी केली."

"भावनेच्या भरात माणूस स्वतःला दोष..."

"मध्ये बोलू नका!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेर टायपिंग थांबलं. "आणि ती लपवत का होती तेही विचारा. गुडघे दुखतात म्हणणारीला यांनी कायमचं घरी बसवलं. इथे तोंड उघडायची शिक्षा काय ते सगळ्यांना पाठ आहे."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी साहेबांकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं. "याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत ना?"

माहीत होते.

२८ मार्च, शुक्रवार

निकाल आला. अपघात कामावरचा, चूक व्यवस्थापनाची. हाताचा आणि डोळ्यांचा उपचार लाँड्रीकडून, बरी झाल्यावर नोकरी तिचीच. मला परत गाड्यांच्या कचेरीत पाठवलंय. साहेब जागच्या जागी. मान कलती करून म्हणाले, "तुमच्या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो." आदर! मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर गाड्यांची कचेरीही गेली असती.

विभागात जाऊन निकाल सांगितला. वाटलं, निदान एखादी तरी काही म्हणेल. घडीवाली म्हणाली, "बरं झालं." सून म्हणाली, "खरं होतं तेच बोललात ना?" आणि रोलर सुरू केला.

एवढी हुज्जत घातली, खुर्ची गेली, आणि ही पावती.

११ एप्रिल, शुक्रवार

आज मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन. मुलगा कामावर, त्याच्या बायकोला ताप. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

बाहेर बाकावर सून एकटी बसली होती. मला बघितलं आणि सुरू झाली. शेजारी बसायच्याही आधी. मी किती शहाणी समजते स्वतःला, त्या दिवशी दारात कशी खांबासारखी उभी राहिले, तिला 'लाज वाटत नाही का' विचारलं ते ती मरेपर्यंत विसरणार नाही, ती बाई तिला स्वतःच्या आईपेक्षा जवळची आहे आणि तिलाच ती छळते असं मी म्हणाले, पॅकिंगवरून दोन दिवस ती बघत राहिली आणि ओरडता येत नव्हतं, ते कसं वाटतं मला ठाऊक आहे का, चौकशीत खरं बोलले म्हणून काय आरती ओवाळायची का. एकदा तिचा आवाज फुटला. मी हात पुढे केला तर म्हणाली, "हात लावू नका. बसा नुसत्या." मी बसले. ती पुन्हा बोलायला लागली. पलीकडच्या बाकावरचा म्हातारा उठून दुसरीकडे गेला.

काय काय ओठांवर आलं माझ्या! काही ठिकाणी तर ती चक्क चुकत होती. दोन दिवस नाही, तीन दिवस होती ती पॅकिंगला. गिळलं सगळं.

शेवटी दार उघडलं. नर्स म्हणाली, "झालं, छान झालंय. आता भेटू शकता. पण जवळच्याच माणसांनी. तुम्ही कोण?"

"मी सून," सून म्हणाली.

"आणि या?"

मी उठून बाजूला व्हायला लागले होते. मी आता त्यांची प्रमुखही नव्हते.

"यांच्याशी भांडण चालू आहे माझं," सून म्हणाली. "येऊ द्या आत."

आणि माझा दंड धरून तिने मला आत ढकललं. घरी येऊन अजून चडफडतेय मी. भांडण म्हणे! अख्ख्या सकाळीत मी एक शब्द तरी बोलले होते का?